भाताच्या कोंड्यातील प्रथिने : दाबाखालील गरम पाण्याची रीत

भाताच्या गिरणीत धान भरडले जाऊन तांदूळ पुढील अंगास पोत्यात पडू लागतो, तेव्हा मागील अंगास दोन निरनिराळे ढीग साचत असतात. एक तुसाचा व दुसरा कोंड्याचा. गोंदिया-भंडाऱ्याकडील ज्या शेतकऱ्यांचे आयुष्य धानाच्या बांध्यांत गेले, त्यांना या दोहोंतील भेद सांगावा लागत नाही. तूस खरखरीत, हलके व गुरांच्या दृष्टीने निरुपयोगी. ते भट्टीत जाते. कोंडा मऊ, तेलकट व किंचित गोडसर वासाचा. तो म्हशीच्या आंबोणात जातो किंवा तेलाच्या कारखान्यास विकला जातो. शंभर किलो धानातून स्थूलमानाने वीस किलो तूस आणि पाच ते आठ किलो कोंडा निघतो. या कोंड्यात शेकडा १५ ते २० तेल व शेकडा १२ ते १५ प्रथिने असतात. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात प्रथिनांचे प्रमाण शेकडा ६ ते ७ एवढेच असते. म्हणजे दाण्याच्या ज्या भागास माणूस ताटात घेतो त्यापेक्षा ज्या भागास तो बाजूस टाकतो, तो प्रथिनांच्या दृष्टीने अधिक संपन्न होय.

तेल काढून घेतल्यावर उरणारा कोंडा फिकट, भुसभुशीत व टिकाऊ असतो. तेल गेल्यामुळे त्यातील प्रथिनांचे शेकडा प्रमाण वाढते. आजवर हा तेलविरहित कोंडा मुख्यत्वे पशुखाद्यात व कोंबडीखाद्यात मिसळला जात आला आहे. त्यातील प्रथिने वेगळी काढून माणसाच्या अन्नात अथवा उद्योगात वापरता यावीत यासाठी अनेक देशांत प्रयत्न झाले. त्यांपैकी एक रीत अशी की, कोंड्यात आम्ल किंवा दाहक सोडा न घालता केवळ पाणी घालावे, आणि ते पाणी बंद पात्रात दाबाखाली दोनशे अंशांपर्यंत तापवावे. या रीतीविषयी उत्साहाने बोलले जाते. ती काय करू शकते, काय करू शकत नाही, आणि गावाचा तिच्याशी संबंध कोठे येतो, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. कारण “टाकाऊतून सोने” अशा घोषणेबरोबर पैसे मागणारी माणसेही गावात येत असतात.

प्रथिने कोंड्यात अडकून का राहतात

कोंडा पाण्यात भिजत घालून कितीही ढवळला, तरी त्यातील प्रथिनांपैकी थोडाच अंश पाण्यात उतरतो. याची कारणे कोंड्याच्या रचनेत आहेत. दाण्याच्या वरच्या थरातील पेशींच्या भिंती जाड व तंतुमय असून प्रथिने त्यांच्या आत कोंडलेली असतात. शिवाय ती फायटिक आम्लाशी व तंतूंशी जखडलेली असतात, आणि प्रथिनांच्या कणांमध्ये परस्परांत गंधकाचे दुवे असल्यामुळे ती सहजासहजी सुटी होत नाहीत. दाहक सोड्याच्या द्रावणात मात्र ती बऱ्याच प्रमाणात विरघळतात. ही रीत जुनी असून स्वस्तही आहे. परंतु सोडा तीव्र झाल्यास प्रथिनांतील लायसिन हा मोलाचा घटक बिघडतो, द्रव उदासीन करण्यासाठी पुन्हा आम्ल घालावे लागते आणि अखेर पदार्थात मीठ साचते. विकरांच्या साहाय्यानेही हे काम होते. ते सौम्यपणे होते, पण सावकाश होते, आणि विकरे विकत घ्यावी लागतात.

येथे प्रथिन म्हणजे काय हे थोडक्यात सांगणे इष्ट होईल. ॲमिनो अम्ले नावाचे सुमारे वीस प्रकारचे मणी आहेत असे समजावे. ते निरनिराळ्या क्रमाने ओवून ज्या लांबलचक माळा होतात, ती प्रथिने. डाळीतील प्रथिन, दुधातील प्रथिन, कोंड्यातील प्रथिन यांतील फरक हा मण्यांच्या निवडीचा व क्रमाचा फरक होय. दोन मण्यांमधील सांधा तुटताना पाण्याचा एक कण खर्ची पडतो. त्याचा अर्धा भाग एका तुकड्यास व अर्धा दुसऱ्या तुकड्यास चिकटतो. म्हणून या क्रियेस जलीय विच्छेदन असे म्हणतात. माणसाच्या पोटात हेच काम विकरे शरीराच्या उष्णतामानास करतात. त्यांच्या मदतीवाचून तेच काम करावयाचे तर तीव्र आम्ल तरी हवे, किंवा भरपूर उष्णता तरी हवी.

दाबाखालील पाणी निराळे कसे वागते

उघड्या भांड्यातील पाणी समुद्रसपाटीस १०० अंश सेंटिग्रेडला उकळते, आणि त्यापुढे कितीही जाळ लावला तरी त्याचे उष्णतामान वाढत नाही. जळण केवळ वाफ करण्यात खर्च होते. भांडे बंद करून वाफ कोंडली, की दाब वाढतो व पाणी द्रवरूपातच अधिक तापते. घरातील प्रेशर कुकरमध्ये शिटी होते तेव्हा आतील दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे दुप्पट असतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास असते. पाणी २०० अंशांस द्रवरूप ठेवावयाचे तर हवेच्या सुमारे साडेपंधरा पट दाब लागतो, आणि २५० अंशांस सुमारे चाळीस पट. ३७४ अंशांपलीकडे मात्र पाणी व वाफ हा भेदच उरत नाही. तेथे द्रवपाण्याची हद्द संपते. कोंड्यासाठी जी रीत सांगितली जाते ती या हद्दीच्या पुष्कळ अलीकडे, साधारणपणे १०० ते २२० अंशांच्या टापूत चालते.

या टापूत पाण्याच्या गुणधर्मांत दोन बदल घडतात. नेहमीचे पाणी मीठ व साखर सहज विरघळविते, पण तेलकट अथवा राळेसारख्या पदार्थांना दाद देत नाही. पाण्याच्या कणांचा विद्युत्प्रभाव दर्शविणारा एक अंक आहे. साध्या उष्णतामानास तो ८० च्या सुमारास असतो, तर २५० अंशांस २७ पर्यंत उतरतो. मद्यार्काचा साध्या उष्णतामानास हाच अंक २४ च्या आसपास आहे. म्हणजे तापलेले पाणी विरघळविण्याच्या बाबतीत पाण्यापेक्षा मद्यार्कासारखे वागू लागते. दुसरा बदल असा की, पाण्याचे स्वतःचे आम्लधर्मी व अल्कधर्मी कण २५० अंशांच्या सुमारास नेहमीच्या सुमारे तीसपट होतात. त्यामुळे बाहेरून आम्ल न घालताही पाणी सौम्य आम्लाचे व सौम्य अल्काचे काम एकाच वेळी करू लागते. आणि थंड होताच ते पुन्हा साधे पाणी होते. मागे मीठ राहत नाही, धुवून काढावे असे काही राहत नाही. या रीतीचा मुख्य गुण तो हाच.

कल्पना पाहिली तर नवी नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ याने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचे एक जाड पात्र मांडले. त्यात कठीण हाडे पाण्याबरोबर तापविली असता ती मऊ पडत व त्यांतील सरस पाण्यात उतरत असे. सरस हेही प्रथिनच. तेव्हा दाबाखालील पाण्याने टाकाऊ वस्तूतून प्रथिने काढण्याचा हा प्रयोग साडेतीनशे वर्षांइतका जुना ठरतो. पात्र फुटू नये म्हणून पापँने त्यास वजनाने दाबून धरलेली एक झडप बसविली होती. आजच्या कुकरवरील शिटीचे मूळ त्या झडपेत आहे.

कारखान्यात हे काम कसे चालते

तेलविरहित कोंडा चाळून त्यात पाच-दहा पट पाणी मिसळतात व ते कालवण जाड पोलादी पात्रात भरतात. झाकण आवळून शक्य तितक्या झपाट्याने उष्णतामान चढवितात, ठरलेली मिनिटे ते कायम ठेवतात, आणि मग तितक्याच झपाट्याने पात्र थंड करतात. दाब पूर्ण उतरल्यावर कालवण गाळून अथवा घुसळयंत्रात फिरवून द्रव व चोथा वेगळे करतात. प्रथिने, त्यांचे तुकडे व ॲमिनो अम्ले तपकिरी द्रवात असतात. तो आटवून व फवाऱ्याने वाळवून भुकटी करता येते.

यात “झपाट्याने” या शब्दास महत्त्व आहे. जी उष्णता माळ तोडते, तीच पुढे सुट्या मण्यांनाही जाळते. सेरिन, थ्रिओनिन, ॲस्पार्टिक आम्ल ही लवकर नष्ट होतात. ग्लायसिन व ॲलनिन अधिक टिकतात. शिवाय कोंड्यात केवळ प्रथिने नसतात, पिष्ट व शर्कराही असतात. ॲमिनो अम्ले आणि शर्करा एकत्र तापली की भाकरीचा पापुद्रा जसा तांबूस होतो तसा द्रव तांबूस, पुढे काळपट होतो व त्यास करपट कडवटपणा येतो. या क्रियेत सर्वांत आधी बळी पडते ते लायसिन. आणि तृणधान्यांच्या इतर प्रथिनांच्या मानाने कोंड्याची प्रथिने ज्या लायसिनमुळे सरस गणली जातात, तेच असे हातचे जावे हे व्यवहाराला परवडणारे नाही. उष्णतामान कमी ठेवावे तर प्रथिने कोंड्यातच राहतात, अधिक ठेवावे तर ती बाहेर येऊन बिघडतात. या दोहोंमधील चिंचोळी वाट शोधणे म्हणजेच ही विद्या.

बँकॉक येथील चुलालोंगकोर्न विद्यापीठातील संशोधकांनी तेलविरहित कोंड्यावर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी १०० ते २२० अंशांच्या दरम्यान तीस मिनिटांपर्यंत कोंडा तापवून पाहिला. सर्वांत अधिक उतारा २०० अंशांस तीस मिनिटांनी मिळाला. एक ग्रॅम कोरड्या कोंड्यामागे २१९ मिलिग्रॅम प्रथिने व ८ मिलिग्रॅम ॲमिनो अम्ले, असे ते आकडे आहेत. अल्काच्या नेहमीच्या रीतीने मिळाले त्याहून हे प्रमाण अधिक होते. त्याहून अधिक उष्णता अधिक वेळ दिली असता मात्र उतारा घटू लागला. मिळालेला द्रव यीस्ट वाढविण्यास योग्य असल्याचेही त्यांस आढळले.

हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. एक किलो कोंड्यामागे प्रथिनांचा भाग २१९ ग्रॅम, आणि सुटी ॲमिनो अम्ले अवघी ८ ग्रॅम. म्हणजे या रीतीने मुख्यतः मिळतात ती अखंड व अर्धवट तुटलेली प्रथिने; सुटे मणी त्यात फार थोडे. “कोंड्यापासून ॲमिनो अम्ले” असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा हे प्रमाण ध्यानात असावे. आणखी एक सावधगिरी अशी की, प्रथिने मोजण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. रंग उमटवून मोजण्याच्या काही रीतींत कोंड्यातील इतर द्रव्येही प्रथिनांच्या खात्यात जमा होतात. त्यामुळे एका रीतीचा आकडा दुसऱ्या रीतीच्या आकड्याशी भिडवून हिशेब करू नये.

व्यापारात मात्र प्रचलित असलेली मोजणी केल्डालची. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील योहान केल्डाल याने १८८३ मध्ये ती शोधून काढली. तीत नमुन्यातील नत्र मोजून त्यास ६.२५ ने गुणतात व येणाऱ्या आकड्यास प्रथिने म्हणतात; भातासाठी ५.९५ हा गुणक अधिक बरोबर मानला जातो. या मोजणीत नत्र कोठून आले हे कळत नाही. कोंड्यात किंवा पेंडीत चिमूटभर युरिया मिसळला, की कागदावर प्रथिने वाढलेली दिसतात. प्रथिनांच्या टक्क्यावर दर ठरविणारा व्यवहार करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

जळणाचा हिशेब

दोनशे अंश हा आकडा ऐकून जळण फार लागत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण प्रत्यक्षात खर्चाची जागा निराळी आहे. एक लिटर पाणी ३० अंशांपासून २०० अंशांपर्यंत द्रवरूपातच तापविण्यास सुमारे ७२५ किलोजूल उष्णता लागते. तेच एक लिटर पाणी उघड्यावर तापवून त्याची पूर्ण वाफ करावयाची झाल्यास सुमारे २,५५० किलोजूल, म्हणजे साडेतीन पट उष्णता लागते. दाबाखाली पाणी वाफ होऊ शकत नाही, म्हणून वाफेचा मोठा खर्च वाचतो. शिवाय थंड होणाऱ्या द्रवाची उष्णता नव्याने येणाऱ्या पाण्यास देता येते. खरा खर्च येतो तो शेवटी, पातळ द्रव आटवून भुकटी करताना. एक किलो कोंड्यास दहा लिटर पाणी घेतले असेल तर ते जवळजवळ सर्व उडवावे लागते. म्हणून द्रव आहे त्याच रूपात, जवळच्याच कारखान्यात वापरता येत असेल, तर ही रीत परवडण्याचा संभव अधिक. भुकटी करून दूर पाठविण्यातील नफा जळणातच जाण्याचा धोका राहतो.

भातगिरणीस एक सोय उपजतच आहे. एक किलो तुसात १३ ते १४ हजार किलोजूल उष्णता असते. गिरणीचे तूस गिरणीच्याच बॉयलरमध्ये जळते; त्याच वाफेवर असे पात्र चालविणे शक्य आहे. त्यामुळे ही रीत कधी काळी मोठ्या प्रमाणावर रूढ झालीच, तर ती प्रथम मोठ्या भातगिरण्या व तेलकारखाने यांच्या आवारात रूढ होईल, गावच्या हलर-गिरणीत नव्हे.

गावात हा प्रयोग करू नये

हे अगदी स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे, कारण कुकर घरोघर आहे आणि लोखंडी पिंप वेल्डिंग करून बंद करणारा कारागीरही प्रत्येक बाजारगावी मिळतो. दोनशे अंशांच्या पाण्यावरील दाबाने एक फूट रुंदीच्या, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणास आतून किती रेटा बसतो, याचा हिशेब केला तर तो दहा टनांवर जातो. भरलेला मालट्रक उलटा करून झाकणावर ठेवावा असा तो भार आहे. पिंपाची शिवण उकलली तर आतील पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा क्षणात वाफ होतो, आणि पाण्याची वाफ होताना ती जागा सोळाशे पटींहून अधिक व्यापते. फुटलेल्या बॉयलरने इमारत का उडते, याचे कारण हेच. घरातील कुकरमध्ये शिटीवर वजन ठेवून अधिक उष्णतामान मिळविण्याचा विचारही कोणी करू नये. शाळेतील हुशार मुलांनी असे काही आरंभिलेले दिसल्यास कार्यकर्त्याने ते तेथेच थांबवावे.

कोणते टाकाऊ खरोखर टाकाऊ

शेतातील प्रत्येक उरल्या-सुरल्या वस्तूत प्रथिने असतात. पण काढण्याजोगी सर्वांत नसतात. भाताच्या पेंढ्यात ती शेकडा ३ ते ४, उसाच्या चिपाडात शेकडा २ च्या आसपास. अशा वस्तू दाबाखाली शिजवल्या तर पाण्यात उतरतील त्या मुख्यतः शर्करा व काळपट रंग; प्रथिनांसाठी त्यांना हात लावणे व्यर्थ होय. तुसात तर प्रथिने नाममात्र आणि राख भरपूर, तीही बहुतांशी सिलिकाची. म्हणून हलरमधून निघणारा, तूस मिसळलेला कोंडा या कामास कुचकामाचा ठरतो. तूस आधी वेगळे करणाऱ्या गिरणीचाच कोंडा उपयोगी पडतो.

याच्या उलट टोकास पेंडी आहेत. सोयाबीनच्या पेंडीत शेकडा ४५ हून अधिक, भुईमुगाच्या पेंडीतही जवळपास तितकीच प्रथिने असतात, आणि पाण्याची रीत सोयापेंडीवरही प्रयोगशाळेत यशस्वी झाली आहे. पण पेंडीस टाकाऊ म्हणणे म्हणजे गवळ्याची थट्टा करणे होय. तिला बाजारात दर आहे, गिऱ्हाईक आहे.

कोंडाही या दोहोंच्या मधोमध उभा आहे, आणि येथेच या विषयातील खरा पेच आहे. प्रयोगशाळेतील कागदोपत्री तो “शेतीतील टाकाऊ” म्हणून नोंदला जातो. गोठ्यात मात्र तो खाद्य आहे. गाय-म्हैस रवंथ करणारी असल्यामुळे कोंड्यातील जखडलेली प्रथिनेही तिच्या पोटातील सूक्ष्मजीव बऱ्यापैकी सोडवून घेतात. त्यांना दोनशे अंशांची आवश्यकता भासत नाही. जुलै २०२३ मध्ये केंद्र शासनाने तेलविरहित कोंड्याच्या निर्यातीवर बंदी घातली व ती पुढे अनेकदा वाढविली. पशुखाद्याच्या चढत्या किमतींचा दुधाच्या दरावर होणारा परिणाम हे त्यामागील कारण होते. ज्या वस्तूसाठी शासनास असा उपाय योजावा लागतो ती टाकाऊ खासच नव्हे. तेव्हा कोंड्यातून प्रथिने काढण्याचा धंदा निघाला तर दोन म्हशींच्या धन्यास कोंडा कोणत्या भावाने मिळेल, हा प्रश्न त्याच वेळी विचारला गेला पाहिजे. माणसाच्या अन्नासाठी अथवा औषधी उपयोगासाठी काढलेले प्रथिन दुधाच्या रूपाने मिळणाऱ्या प्रथिनापेक्षा अधिक मोलाचे ठरत असेल तरच या उलाढालीस अर्थ आहे. एरवी म्हैस हेच अधिक स्वस्त यंत्र होय.

ज्या वस्तू जनावर खात नाही व खत म्हणूनही लवकर कुजत नाहीत, तेथे दाबाची रीत निःसंशय उपयोगी आहे. कोंबड्यांची पिसे हे याचे उत्तम उदाहरण. पिसांत शेकडा ८० हून अधिक प्रथिने असतात, पण ती इतकी घट्ट विणलेली असतात की, कच्ची पिसे पचत नाहीत. वाफेच्या दाबाखाली शिजविली की ती ठिसूळ होतात व वाळवून त्यांचे पीठ करता येते. हा उद्योग अनेक देशांत दीर्घकाळ चालू आहे. जपानमधील ओसाका प्रांतीय विद्यापीठात माशांच्या टाकाऊ मांसावर दाबाखालील गरम पाण्याचे प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. मासळीची आतडी व डोकी कोकणच्या बंदरांवर किती साचतात, हे तेथील कार्यकर्त्यांस ठाऊकच आहे.

बाटलीतील ॲमिनो अम्ले

प्रथिनांच्या जलीय विच्छेदनाने मिळालेली द्रव्ये पिकावर फवारण्यासाठी बाटल्यांतून विकली जातात. शेतकऱ्याच्या खिशाशी या विषयाचा सर्वांत निकटचा संबंध येथे येतो. एका लिटरच्या बाटलीत २०० ग्रॅम ॲमिनो अम्ले आहेत असे धरले, तर त्यांतील नत्र सुमारे ३२ ग्रॅम भरते. तितके नत्र ७० ग्रॅम युरियात, म्हणजे एका मुठीत मावते. सुधारित भाताच्या जातींस हेक्टरी १०० किलोच्या आसपास नत्राची शिफारस असते. त्यापुढे हे ३२ ग्रॅम कोणत्या गणतीत बसावेत? तेव्हा अशी बाटली “खत” म्हणून कोणी देत असेल तर ती घेऊ नये. तिचा काही उपयोग असलाच तर तो पिकाच्या वाढीस चालना देण्यापुरता, ताणाच्या काळात व खताच्या जोडीस. कायद्यानेही तिची गणना खतात नव्हे तर जैवउत्तेजकांत केली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये दुरुस्ती होऊन जैवउत्तेजके त्याच्या कक्षेत आली, आणि प्रथिनांची विच्छेदित द्रव्ये व ॲमिनो अम्ले हा त्यांचा एक स्वतंत्र वर्ग ठरला. वेष्टनावर घटकांचे प्रमाण, पीक व मात्रा यांचा उल्लेख आहे की नाही हे पाहावे, आणि पक्की पावती घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. दुकानदाराने “पावतीचे काय एवढे” असे म्हणताच बाटली परत ठेवावी.

कोंडा विकणाऱ्याने काय सांभाळावे

तेल असो की प्रथिने, दोहोंचे भवितव्य गिरणीतून कोंडा निघाल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत ठरते. कोंड्यात तेल फोडणारे एक विकर असते. दाणा अखंड असेपर्यंत ते तेलापासून अलग असते. भरडताच दोहोंची गाठ पडते आणि कोंडा खवट होऊ लागतो. दमट हवेत तेलातील मुक्त आम्ल दररोज शेकडा ५ ते ७ या गतीने वाढू शकते. पावसाळ्यात आठवडाभर पडून राहिलेला कच्चा कोंडा तेलवाला खालच्या भावाने मागतो, तो उगीच नव्हे. उकड्या धानाच्या कोंड्यात हे विकर उकडतानाच मेलेले असते, म्हणून तो अधिक काळ चांगला राहतो. कच्च्या धानाचा कोंडा निघाल्याबरोबर गरम वाफेने अथवा कोरड्या आचेने तापवून हे विकर मारण्याची यंत्रे मोठ्या गिरण्यांत बसविता येतात. लहान गिरणीवाल्याने निदान रोजचा कोंडा रोज हलवावा, ओलसर जमिनीवर ढीग न करता फळ्यांवर पोती रचावीत, व जुन्या पोत्यांतील उरलासुरला कोंडा नव्यात मिसळू नये.

बुरशी लागलेला कोंडा कोणत्याच कामाचा समजू नये. बुरशीचे विष साध्या शिजवण्याने जात नाही, आणि पाण्यात प्रथिनांबरोबर नको असलेली द्रव्येही उतरतात. ज्या भागातील पाण्यात आर्सेनिक आहे तेथील भाताच्या कोंड्यात ते दाण्यापेक्षा अधिक साठलेले असते. तशा कोंड्याचा अर्क माणसाच्या अन्नात जाण्यापूर्वी तपासणी अपरिहार्य ठरते.

दाबाच्या रीतीने प्रथिने काढून घेतल्यावर मागे जो चोथा राहतो, त्यास पूर्वीच्या कोंड्याचा भाव देता येत नाही. त्यातील पोषणाचा बराचसा भाग द्रवाबरोबर गेलेला असतो. उरतात ते तंतू व राख. त्यामुळे “प्रथिने काढल्यावर कोंडा गुरांस पूर्वीसारखाच घालता येईल” असे कोणी सांगितल्यास चोथ्याचे पृथक्करण करून घेतल्याशिवाय ते मान्य करू नये. शेणाबरोबर गोबर-वायूच्या टाकीत किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात तो जिरविता येतो. पण तो ओला असतो, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत दुसऱ्या दिवशीच आंबू लागतो. असा कारखाना गावाजवळ निघावयाचा झाल्यास त्याचा चोथा रोजच्या रोज कोण उचलणार, कोणाच्या बैलगाडीने अथवा ट्रॅक्टरने, आणि त्याचे भाडे कोण देणार, हे ग्रामपंचायतीने जागेचा ठराव करण्यापूर्वीच लिहून घ्यावे.